धक्का कमी, नेम पक्का

भोरमध्ये कुणी ‘शूटिंग बघायला चाललोय’ म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राजवाडा उभा राहतो. पंतसचिवांच्या त्या वाड्यात इतक्या चित्रपटांची चित्रीकरणे झाली आहेत, की ‘शूटिंग’ या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हे पटकन आठवतच नाही. पण तो दुसरा अर्थही आता घराघरांत पोचला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन ब्राँझपदके मिळवली. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ मिळवले. खेड्यातला मुलगा ऑलिंपिकच्या पदकमंचावर उभा राहिला, हे सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. मग भोरच्या बाजारपेठेत काय किंवा वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, एखाद्या वाडीत काय, बारा-तेरा वर्षांची मुलगी आईवडिलांना म्हणणारच, ‘मलाही पिस्तूल शिकायचंय.’

आईवडील गडबडतात. क्रिकेटची बॅट घ्यायची तर चार लोक सल्ला देतात. पिस्तुलाबद्दल विचारायचे कुणाला? कोणते घ्यायचे, किती मोठे, कायद्यात बसते का, आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना? श्रोतेहो, या प्रश्नांची उत्तरे दुकानदाराच्या यादीत शोधण्याआधी थोडी इतिहासात शोधावीत, असे मला वाटते. कारण नेमबाजीच्या छोट्या पिस्तुलाचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो. शिकणाऱ्याच्या हातातून जोर कसा कमी कमी करत नेला, त्याचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या संगतीने आले. त्याआधीची आपली बंदूक तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, कानाजवळ बारीक दारू ठेवायची आणि जळता तोडा तिथे टेकवायचा. राजगड आणि तोरणा ज्या काळात गजबजलेले होते, त्या काळातली ही बंदूक. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने शिवाजी महाराजांच्या पायदळाचे वर्णन करताना एक फरक नोंदवला आहे. मावळे तलवारीचे, तर कोकणातले हेटकरी बंदुकीच्या नेमाचे. म्हणजे सह्याद्रीच्या या बाजूला हातघाई आणि त्या बाजूला नेम, अशी जणू वाटणीच होती. वेल्ह्याच्या एखाद्या मुलीने आज नेमबाजीत नाव काढले, तर ती ही जुनी वाटणी मोडेल एवढे खरे!

त्या तोड्याच्या बंदुकीत एक गुण होता. चाप ओढल्यावर लगेच बार उडत नसे. तोडा टेकायचा, कानाची दारू पेटायची, मग आतली पेटायची, आणि तोवर बंदुकीने रोख सोडायचा नाही. चाप ओढला की काम संपले, असे समजणाऱ्याचा नेम चुकलाच. आजचे प्रशिक्षक हीच गोष्ट मुलांना पहिल्या महिन्यात शंभर वेळा सांगतात. गोळी सुटल्यावरही क्षणभर हात तसाच ठेव, नजर माशीवरून हलवू नकोस. माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा तो छोटा उंचवटा. संथ हत्यार माणसाला थांबायला शिकवते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात धातूचे काडतूस आले. १८४५ मध्ये पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने अगदी लहान काडतूस तयार केले. त्यात जवळजवळ दारूच नव्हती, ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यावरच गोळी सुटायची. ते युद्धासाठी नव्हतेच. घराच्या दिवाणखान्यात किंवा बागेत नेम धरण्याचा खेळ खेळायचा, त्यासाठी ते होते. त्याच जातीतून १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचे .२२ शॉर्ट आले आणि १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल. नाव रायफलचे असले तरी हेच काडतूस पिस्तुलातही चालते. आपल्याकडे एनसीसी केलेली मंडळी ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात, ते हेच. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. आवाज थोडा, धक्का थोडा, खर्च थोडा. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी जगातल्या नेमबाजांची शाळा या काडतुसावर चालते आहे.

बोअर युद्धात ब्रिटिशांच्या लक्षात आले, की आपल्या सामान्य माणसाला नेम धरता येत नाही. मग लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने १९०१ पासून इंग्लंडमध्ये छोट्या रायफलींचे क्लब निघाले. गिरणीतला कामगार, शाळेतला मास्तर, दुकानातला नोकर संध्याकाळी जाऊन पॉइंट टू टूने नेम धरू लागला. त्याच साम्राज्यात आपली गोष्ट उलटी होती. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. तिकडे नेम हा नागरिकाचा छंद झाला, इकडे तो संशयाचा विषय झाला.

त्यामुळे पिस्तूल आपल्या मनात खेळाच्या रूपाने शिरलेच नाही. ते शिरले २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीत, चापेकर बंधूंच्या हातून. ते शिरले २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेऱ्यांच्या ब्राउनिंगमधून. नंतरच्या काळात चित्रपटातला खलनायक आणि वर्तमानपत्रातली गुन्हेवार्ता यांनी उरलेले चित्र पूर्ण केले. आजही मुलगी ‘पिस्तूल’ म्हणाली की आजी दचकते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. आजीला हसू नये. तिचे दचकणे हे सावधपणाचेच एक रूप आहे आणि या खेळात सावधपणाची जागा पहिली आहे.

खेळ म्हणून नेमबाजीची देशपातळीवर बांधणी झाली ती स्वातंत्र्यानंतर, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून आपण त्यांना ओळखतो. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद आणि स्वभाव गांधींच्या मुशीतला. अशा अहिंसावादी माणसाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद घ्यावे, याचे आश्चर्य वाटते. पण त्यात विसंगती नाही. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरणे म्हणजे मन आवरण्याची कसरत. आजही राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता गाठू पाहणाऱ्या नवख्या नेमबाजाला ज्या स्पर्धेत उतरावे लागते, तिला मावळंकरांचेच नाव आहे. नेमबाजांच्या घरात ‘यंदा मावळंकर खेळायची’ असे म्हणतात. अनेक मुलांना हे मावळंकर कोण, ते माहीत नसते. आईवडिलांनी तेवढे सांगून ठेवावे.

संघटना झाली, पण पिस्तूल कुठे होते? या खेळाचे दर्जेदार पिस्तूल परदेशातून यायचे. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, रशिया ही त्याची माहेरघरे. आयातीवर बंधने, परकीय चलनाची चणचण, जकात आणि काडतुसांचा ठरावीक कोटा. परिणाम असा झाला, की मुलाच्या हाताला काय बसते हा प्रश्नच कुणी विचारत नसे. जे मिळेल त्याला हात बसवायचा. सेना आणि पोलिसदलातल्या नेमबाजांकडे हत्यारे होती, मुंबईसारख्या शहरातल्या मोजक्या क्लबांकडे होती. मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते अशा टंचाईच्या काळात. भोर-वेल्ह्याच्या मुलाला मात्र एनसीसीच्या मैदानावर, उताणे नव्हे तर पालथे पडून, पॉइंट टू टू रायफलच्या मोजक्या फैरी झाडायला मिळाल्या तर मिळाल्या. पिस्तूल त्याच्या वाट्याला येतच नव्हते.

परदेशात मात्र या काळात एक शांत क्रांती चालू होती. तिची दोन टोके सांगतो.

एक टोक रशियात. मिखाईल मार्गोलिन नावाच्या तरुणाची विशीच्या आतच डोक्याला जखम होऊन दृष्टी गेली. अंध झालेल्या या माणसाने शस्त्रांची रचना शिकून घेतली आणि पॉइंट टू टूचे नेमबाजीचे पिस्तूल तयार केले. आराखडा कागदावर काढणे त्याला शक्य नव्हते. तो नमुने हातांनी घडवायचा, चाचपायचा, पुन्हा घडवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेले त्याचे पिस्तूल पुढे कित्येक वर्षे जगभरच्या क्लबांत नवशिक्यांच्या हाती दिले जात होते. ज्याला लक्ष्य दिसत नव्हते त्याने नेमाचे साधन घडवावे, ही नुसती चमत्कारिक गोष्ट नाही. पिस्तूल डोळ्यांनी निवडायचे नसते, मुठीने निवडायचे असते, हे त्यातून शिकायचे.

दुसरे टोक जर्मनीत. तिथे दारूच काढून टाकली आणि दाबलेल्या हवेने छर्रा सोडणारी पिस्तुले आली. वाल्थर कंपनीचे असे एक पिस्तूल १९५० च्या दशकातले. जेम्स बाँडच्या जाहिरातीतल्या छायाचित्रात शॉन कॉनरीच्या हाती जे लांब नळीचे रुबाबदार पिस्तूल दिसते, ते हेच हवेचे पिस्तूल! जगातल्या सर्वांत खतरनाक हेराच्या हाती खरे तर नेमबाज पोरांचे हत्यार होते. १९६५ मध्ये फाइनवेर्कबाऊ कंपनीने स्प्रिंगचा धक्का आतल्या आत जिरवणारे हवेचे पिस्तूल आणले. १९७० मध्ये दहा मीटर हवेचे पिस्तूल जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत शिरले आणि १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये. त्याआधी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी पंचवीस मीटर पिस्तूल हा पॉइंट टू टूचा प्रकार सुरू झाला होता. या दोन तारखांनी आपल्याकडच्या मुलींसाठी दरवाजा उघडला.

त्यातून आत शिरलेली दोन मराठी नावे आपल्या ओळखीची आहेत. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या अनिसा सय्यद एनसीसीच्या वाटेने नेमबाजीत आल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्यासमोर त्यांच्याच शहरातल्या तेजस्विनी सावंत यांचा आदर्श होता. मात्र तेजस्विनींनी रायफल उचलली होती, राहींनी पिस्तूल निवडले. २००८ मध्ये पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तिथे राहींनी सुवर्णपदक मिळवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात अनिसांना सुवर्ण, राहींना रौप्य आणि जोडीच्या प्रकारात दोघींना मिळून सुवर्ण. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहींची थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी झाली. निकालासाठी एकदा जादा फैरी झाल्या, पुन्हा बरोबरी, दुसऱ्यांदा झाल्या तेव्हा सुवर्ण त्यांचे झाले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

या गोष्टी ऐकून आईवडिलांना वाटते, की राहीसारखे व्हायचे तर तिच्यासारखेच पिस्तूल घ्यावे. इथेच पाऊल घसरते.

पॉइंट टू टूची गोळी साधारण अडीच ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे तीनशे तीस मीटर. हवेच्या पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सुमारे दीडशे मीटर. दोन्हींतल्या जोराचा हिशेब मांडला, तर पॉइंट टू टू हे हवेच्या पिस्तुलाच्या पंचवीस पट भरते. मोठ्या माणसाला पॉइंट टू टूचा धक्का किरकोळ वाटतो. बारा वर्षांच्या मनगटाला तो किरकोळ नसतो. त्यातून वाईट असे, की शरीर तो धक्का लक्षात ठेवते. पुढच्या वेळी बार उडण्याआधीच बोटे आवळली जातात, डोळा मिटतो, मनगट खाली झुकते. प्रशिक्षकांच्या अनुभवात ही खोड लागायला एक दुपार पुरते आणि सुटायला वर्ष लागते. हवेच्या पिस्तुलात घाबरण्यासारखे काही नसते, म्हणून चूक झाली तर ती मुलाला स्वतःला दिसते. धक्क्याच्या आड चूक लपते. धक्का नसला की ती कागदावर उघडी पडते. पहिल्या पिस्तुलाकडून आपल्याला हेच हवे असते. त्याने शिकणाऱ्याशी खोटे बोलू नये.

आता तोड्याच्या बंदुकीचा मुद्दा आठवा. हवेचा छर्रा संथ असतो, त्याला नळीतून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात हलला तर नेम गेला. म्हणजे दहा मीटरवरचे हे सौम्य पिस्तूल शिस्तीच्या बाबतीत सौम्य नाही. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, सदऱ्याच्या बटणाएवढे. माशी आणि मागची खाच यांच्यात एक मिलिमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर भरकटतो आणि दहाचे सात होतात. जे हात इथे थांबायला शिकतात, ते पुढे पॉइंट टू टूवरही थांबतात. उलटा प्रवास फार अवघड असतो.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक किंवा पिस्तूल स्वतःकडे बाळगता येत नाही; प्रशिक्षणापुरती, जाणत्यांच्या देखरेखीखाली वापरण्याची सवलत आहे. पॉइंट टू टूचे पिस्तूल लहान असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते पुरते अग्निशस्त्र आहे. परवाना हवा, काडतुसांचा हिशेब हवा. हवेच्या शस्त्रांबाबत २०१६ च्या नियमांनी रेघ आखून दिली आहे. व्यास ४.५ मिलिमीटर आणि जोर वीस ज्यूल यांच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेचे दहा मीटर पिस्तूल सहा-सात ज्यूलचे, म्हणजे या रेघेच्या बरेच आत. तरीही ते खेळणे नाही. छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो. पिस्तूल पेटीत, पेटी कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे, हा नियम घरात पहिल्या दिवसापासून हवा. रेंजवर नळीतून रंगीत दोरी बाहेर काढून ठेवतात. नळी रिकामी आहे, हे दुरूनही दिसावे म्हणून. ती दोरी घालायला विसरणाऱ्या मुलाचे गुण कितीही चांगले असोत, त्याचे शिक्षण अजून सुरू व्हायचे आहे असे समजावे.

हवेचेच घ्यायचे ठरले, तरी कोणते? इथे मार्गोलिनची गोष्ट उपयोगी पडते. मुलाला डोळे मिटून पिस्तूल धरायला सांगा, हात लक्ष्याकडे उचलायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. माशी मागच्या खाचेच्या मधोमध उभी असेल, तर ती मूठ त्या हाताची. ती डावीउजवीकडे पळालेली असेल, तर मूठ तरी बदलायची किंवा पिस्तूल तरी. स्पर्धेच्या पिस्तुलांना लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. डावखुऱ्यांच्या वेगळ्या असतात. वाढत्या वयात हात दरवर्षी बदलतो, म्हणून मूठ बदलता येणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. नियमाने दहा मीटरच्या पिस्तुलाला दीड किलोपर्यंत मुभा आहे. बहुतेक पिस्तुले किलोच्या आसपास असतात. एका हाताने, कोपर ताठ ठेवून, साठ वेळा एक किलो उचलून धरून पाहा म्हणजे कळेल! लहान मुलांसाठी आखूड नळीची, हलकी पिस्तुले मिळतात. आज जड वाटणारे पिस्तूल उद्या हात मजबूत झाल्यावर चालेल, हा हिशेब चुकीचा ठरतो. तोवर खांदा दुखावतो आणि मूल कंटाळते. चाप नियमाने किमान पाचशे ग्रॅमच्या दाबाचा असतो. तो खरखरत, अडखळत येत असेल तर बाकीचे सगळे चांगले असूनही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट हवेची, आणि ती भोर-वेल्ह्यासाठी विशेष महत्त्वाची. आजची बहुतेक महागडी पिस्तुले छोट्या नळकांड्यात भरलेल्या दोनशे बारच्या हवेवर चालतात. पिस्तुलाच्या अंगाला हिसका बसत नाही, सराव सोपा होतो. पण नळकांडे रिकामे झाले की भरायचे कुठे? त्यासाठी मोठा सिलिंडर किंवा खास हातपंप लागतो. नळकांड्यालाही मुदत असते, जुने घेताना ती तारीख आधी पाहावी. दुसरा प्रकार बाजूच्या दांडीने दर फैरीला हवा दाबून घेण्याचा. रशियातल्या इझेव्हस्कचे या जातीचे पिस्तूल आपल्याकडच्या क्लबांत पुष्कळ वर्षे वापरात राहिले आहे. त्याला ना सिलिंडर लागतो ना वीज. घाटातल्या गावात ते निमूट काम करते. दोष एवढाच, की दांडी दाबायला जोर लागतो आणि लहान मूल साठ फैरींत थकते. मुलाच्या ताकदीकडे आणि गावातल्या सोयीकडे पाहून निवड करावी.

आणि महाग म्हणजे चांगले, हे डोक्यातून काढून टाकावे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या उत्तम पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी तीच मुलगी दोन पदके घेऊन आली. त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसूफ डिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून मिश्र प्रकारात रौप्य घेऊन गेला. यंत्र विश्वासू असावे हे खरे. ते दागिन्यासारखे असण्याची गरज नाही. नवे परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते. शेतीवर चालणाऱ्या घराने पहिल्याच महिन्यात एवढी रक्कम घातली, तर ते ओझे पिस्तुलापेक्षा जड होते, आणि ते मुलाच्या खांद्यावर बसते. मग प्रत्येक खराब फैरीबरोबर त्याला बापाचे कर्ज दिसते. अशा हाताने नेम धरला जात नाही.

म्हणून क्रम असा असावा. पहिले सहा महिने क्लबचे पिस्तूल. त्या काळात मूल टिकते का, त्याची मूठ कोणत्या मापाची आहे, प्रशिक्षक काय म्हणतात, हे पाहावे. घरी छर्ऱ्याविना कोरडा सराव करता येतो. बऱ्याच पिस्तुलांत त्याची सोय असते आणि त्याला पैसा लागत नाही. मग स्वतःचे, शक्यतो वापरलेले पण प्रशिक्षकांनी तपासलेले हवेचे पिस्तूल. पॉइंट टू टू त्यानंतर, म्हणजे दहा मीटरवर हात स्थिर झाल्यावर आणि प्रशिक्षकांनी सुचवल्यावर. अवघ्या जगाची वाटचाल याच दिशेने आहे. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छर्राही गेला आणि लेझरचा किरण आला. जोर कमी होत गेला, कसोटी मात्र तितकीच राहिली.

राहतो प्रश्न अंतराचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने उभे राहिलेले बालेवाडीचे संकुल भोरहून पन्नास-साठ किलोमीटर. भोरचे मूल कापूरहोळला महामार्गाला लागणार, वेल्ह्याचे नसरापूरच्या फाट्याला, आणि तिथून पुण्याची गर्दी ओलांडायची. आठवड्यातून दोनदा हे जमले तरी पुष्कळ. पण हवेच्या पिस्तुलाला पंचवीस किंवा पन्नास मीटरचे मैदान लागत नाही. दहा मीटरची मोकळी जागा, मागे छर्रे अडवणारी भक्कम भिंत, नीट उजेड, दाराला कडी आणि एक जबाबदार प्रशिक्षक एवढे असले, तर शाळेच्या सभागृहातही रीतसर परवानगीने रेंज उभी राहू शकते. पाचशे छर्ऱ्यांचा डबा पॉइंट टू टूच्या काडतुसांच्या मानाने फार स्वस्त पडतो.

दहा घरांनी दहा पिस्तुले विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा भोरच्या किंवा वेल्ह्याच्या एखाद्या शाळेने वेगवेगळ्या मुठींची दोन चांगली पिस्तुले घ्यावीत आणि वीस मुलांनी पाळीपाळीने ती वापरावीत. एनसीसीने एके काळी रायफलबाबत हेच केले. सरकारी पॉइंट टू टूवर कित्येक पिढ्यांनी नेम धरला आणि त्यातूनच अनिसा सय्यद पुढे आल्या. पिस्तुलाच्या बाबतीत ती संधी आपल्या डोंगराळ तालुक्यांना अजून द्यायची आहे. पूर्वी बंधने होती, आयात नव्हती, कोटा नव्हता. आता अडचण बरीच लहान आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पालकसभेत कुणी तरी उठून हा विषय काढावा. सोबत आजीलाही न्यावे. कुलूप आणि किल्लीचा प्रश्न सगळ्यात आधी तीच विचारेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)